गौराबाईची पाच कणसं

ढोकीच्या कृषी प्रदर्शनाला जायचं म्हणून गौराबाईनं तांबडं फुटायच्या आत भाकरी बडवल्या, दोघी लेकींच्या वेण्या घातल्या आणि सासू पुतळाबाई लुगडं नेसेपर्यंत ती चारदा दारात जाऊन आली.

"अगं, प्रदर्शन काय पळून चाललंय व्हय?" म्हातारी म्हणाली.

आठ दिवसांपूर्वी ग्रामसेवकानं तिच्या शेतातली ज्वारीची पाच कणसं प्रदर्शनासाठी निवडून नेली होती. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेत म्हणजे दोन एकर उताराचा माळ. नवरा बलभीम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. शेत गौराबाईच बघायची. बहात्तरच्या दुष्काळात ती पाझर तलावावर माती वाहायला होती. पाणी अडवायला भराव कसा रचतात, हे तिनं टोपली रिकामी करता करता बघून ठेवलं. पाऊसपाणी झाल्यावर तिनं आपल्या उतारावर आडवे दगडी बांध घालायला घेतले. सहा वर्षांत सात बांध झाले. गावातले लोक हसायचे, बाईला दगडाचं येड लागलं म्हणायचे. पण माती अडली, ओल टिकली, आणि यंदा एकेक कणीस तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं भरलं.

मंडपात कणसं एका ताटात मांडली होती. थोरल्या लेकीनं ताटाला लावलेली चिठ्ठी वाचली. "आई, आमच्या बाचं नाव हाय."

ग्रामसेवकानं सातबाऱ्यावरचं नाव उतरवलं होतं. "असू दे," गौराबाई म्हणाली. पण तिथून पाय निघेना. पोरी आकाशपाळण्यात बसल्या, सासूनं उसाचा रस मागवला. तिनं अर्धा पेला तसाच ठेवला आणि ती पुन्हा मंडपात आली. कुणी दाणे चोळून बघितले की ती एक पाऊल पुढं सरकायची. ताटाशेजारी कारखान्यातून रजा काढून आलेला बलभीम इस्त्रीचा सदरा घालून उभा होता.

"सारखी काय येतीस? कणसं कोण खातंय का?"

"सायबानं इचारलं तर काय सांगाल?"

"बघतो की म्या."

दुपारी तीनला परीक्षक आले. चष्म्यावाल्या साहेबांनी कणीस हातात तोललं. "पाणी किती पाळ्या दिलंत?"

"दोन, साहेब," बलभीम बोलून गेला.

"विहीर किती खोल?"

बलभीमनं बाहीनं कपाळ पुसलं. साहेब वहीत काहीतरी लिहू लागले, तशी मागून गौराबाई पदर सावरत पुढं झाली.

"साहेब, विहीरच न्हाय. पाणी दिल्यालंच न्हाय."

"मग ही ज्वारी आली कशी?"

ती सांगत सुटली. तळाला मोठे दगड, फटीत बारीक, जादा पाणी जायला कडेला वाट. कुठला बांध पहिल्या पावसात फुटला, तेही सांगितलं. साहेबांनी पेन थांबवून बलभीमकडं बघितलं.

"खरं कुणाचं? कणसं कुणाची?"

बलभीमनं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा चिठ्ठीकडं. "तिची, साहेब. विहिरीबिगर कुणाला पटंल, म्हून म्या खोटं बोललो. माझा दिवस काट्यावर जातो."

साहेबांनी चिठ्ठीवरचं नाव खोडलं आणि बाईचं नाव विचारलं.

निकालापर्यंतचे दोन तास तिनं उभ्यानं काढले. लाऊडस्पीकरवर "दुसरा क्रमांक, गौराबाई बलभीम कांबळे" असं आलं तेव्हा तिला ते कळलंच नाही. पुतळाबाईनं पाठीत धपाटा घातला. "जा की गं! तुलाच बोलीवत्यात!"

व्यासपीठावर बक्षीस म्हणून फवारणीचा पंप मिळाला. खाली उतरते तोच अणदूरकडचा एक म्हातारा शेतकरी आडवा आला. "बाई, तळाचा दगड किती खोल घालता?" अजून दोघं-तिघं थांबले. गौराबाई मातीतच बसली आणि बोटानं उतार, बांध, पाण्याची वाट काढून दाखवू लागली. सहाची एसटी सुटायला आली होती. पोरी पदर ओढत होत्या.

"गौरे, गाडी जाईल!" सासू ओरडली.

"जाऊ द्या, अत्या. ह्यांना बांधाचा कोपरा कळंना."

बलभीमनं पंप पाठीला अडकवला, पोरींचे हात धरले आणि पुढची गाडी कितीला आहे ते विचारायला तो स्टँडकडं निघाला.