ओळखीची ऊब

जयपूर सोडून गेलेल्या मराठी माणसांची ऊब साठवून ठेवणारा मनुष्य साऱ्या राजस्थानात एकच आहे, आणि तो माझ्या वहिनीचा मामा आहे. हे विधान मी अलंकारिक अर्थाने करीत नाही. अलंकार वापरण्याचं धाडस माझ्या स्वभावात नाही. बदलीवर आलेली आमच्यासारखी बँकेची, विम्याची माणसं जयपूरच्या पहिल्याच थंडीत घाबरून एक तेलाचा हीटर विकत घेतात: पेटीच्या भात्यासारख्या घड्यांचा, खाली चाकं असलेला, पोटातलं तेल विजेवर तापवणारा. पुढे कधीतरी बदलीचा हुकूम येतो, आणि चंद्रपूरला हीटर घेऊन उतरणाऱ्या माणसाकडे तिथले हमाल कोणत्या नजरेने पाहतील, या विचाराने तो हीटर निरोपाच्या दिवशी जवाहर नगरात मामांच्या दाराशी ढकलत आणला जातो. मामा भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सगळे येत राहिले, जात राहिले. मामा तेवढे राहिले, आणि त्यांच्याकडे हीटर राहिले.

मामांनी या हीटरांना ते ठेवून गेलेल्या माणसांची आडनावं दिली नव्हती, ती आपोआप पडली होती. घाटपांडे लवकर तापत, पण टिकत नसत. सरदेशमुखांना तापायला तासभर लागे. एकदा तापले, की मात्र पहाटेपर्यंत निवत नसत, आणि मामांच्या मते मूळ सरदेशमुखही असेच होते. बापट आतून टकटक आवाज करीत. सगळ्यांना एकदम लावलं तर घरातला फ्यूज जाई, म्हणून मामा रोज संध्याकाळी, आज कोणाला बोलवायचं, यावर गंभीरपणे विचार करीत. आमच्या बँकेत नव्याने आलेल्या एका अधिकाऱ्याची पत्नी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली, तेव्हा मामी स्वयंपाकघरातून शांतपणे सांगत होत्या, "अहो, घाटपांडे कालपासून गळतायत. त्यांना अंगणात नेऊन ठेवा, आणि बापटांना माझ्या पायाशी ढकला." त्या बाई चहा न घेताच परतल्या. त्यांना घरी पोचवताना सगळा प्रकार समजावून सांगायला मला जवाहर नगरापासून आदर्श नगरापर्यंतचा रस्ता अपुरा पडला.

परंतु तेलाच्या हीटरांनाही वय असतं. एकेक करून ते गेले. वीज दुरुस्त करणारे भैया दर हिवाळ्यात येत, पालथ्या पडलेल्या एखाद्या देहाजवळ उकिडवे बसत आणि म्हणत, "सरजी, अब इनको जाने दो." शेवटी एकटे सरदेशमुख उरले, तेही कोमट. मामी मूळच्या मालवणच्या. सारा जन्म इथे काढूनही त्यांच्या बोटांना इथली थंडी कधी मानवली नाही. ती थंडीत आखडत, आणि त्यांची पेटी दिवाळीपासून होळीपर्यंत कापडाखाली झाकलेली राही. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेटीची साथ पूर्वी त्यांचीच असे. ती बंद झाल्याचं त्या कोणाला बोलून दाखवीत नसत. फक्त कापडावरची धूळ रोज झटकीत. या वर्षी मात्र त्यांनी गॅसच्या हीटरचा विषय काढला, आणि घरात जणू नवं युग सुरू झालं. भूगर्भशास्त्रीय अर्थाने, म्हणजे अत्यंत सावकाश.

मामांचा पहिला आक्षेप तात्त्विक होता. गॅसचा हीटर लावला की खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर जिवाला धोका, असं दुकानदाराने बजावलं होतं. यावर मामांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "खिडकी उघडून ऊब घ्यायची, तर खिडकी लावून थंडी घेतलेली काय वाईट?" मी भीतभीत सुचवलं, की निर्णय जरा लवकर झाला तर बरं. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "हिमालयाची उंची अजून ठरायची आहे, आणि तुम्हाला माझ्याकडून शुक्रवारपर्यंत उत्तर हवं." आतून मामी म्हणाल्या, "हिमालयाला पेटी वाजवायची नाहीये."

तेव्हा मामा प्रत्यक्ष अनुभव घ्यायला निघाले. शेजारच्या शर्माजींकडे गॅसचा हीटर होता. मामा तिथे कानटोपी, मफलर आणि एक थर्मामीटर घेऊन गेले आणि संध्याकाळभर ज्वाळेसमोर मुलीकडच्या मंडळींसारखे बसून राहिले. शर्माजींनी तिळाची गजक दिली, चहा दिला, शेवटी जेवायलाही वाढलं. परतल्यावर मामांनी मफलर सोडला आणि सरदेशमुखांच्या कोमट अंगावर हात ठेवला.

"ऊब चांगली आहे," ते म्हणाले. "पण ओळखीची नाही."

 मामा का अडले होते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. दुकानातून आणलेली ऊब त्या घरात कधी आलीच नव्हती. तिथे जे काही गरम होतं, ते कोणीतरी जाताना ठेवून गेलेलं होतं.

माझ्या बदलीचा हुकूम तेव्हा खिशातच होता. रत्नागिरी. प्रथेप्रमाणे आमचा तेलाचा हीटर मी मामांना द्यायचा होता. तो मी आमच्या शिपायाला दिला आणि गॅसचा नवा घेतला. चार संध्याकाळी आम्ही तो खिडकी उघडी ठेवून, स्वेटर घालून लावला, केवळ तो आमचा व्हावा म्हणून. "निघताना कोणी संसार वाढवतं का?" असं पत्नीने विचारलं.  माझ्या त्या कृतीत मामींच्या बोटांची काळजी किती होती, आणि आपणही त्या घरात उरावं हा लोभ किती, हे मी अजून स्वतःला विचारतो आहे.

मामांनी हीटरभोवती एक फेरी मारली. "नवा दिसतो."

"आम्ही फार जपून वापरला," मी म्हणालो.

मागच्या बाजूला किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती. मामांनी ती नखाने अलगद सोडवली, घडी करून स्वतःच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे न पाहता हीटरला म्हणाले, "चला, तुम्हाला खिडकीजवळ ठेवू."

संक्रांतीला मामांचा फोन आला. मी रत्नागिरीत पंख्याखाली बसलो होतो. ते म्हणाले, "काल रात्री तुम्हाला लावलं होतं. लवकर तापता हो तुम्ही. तुमच्याकडे पाहून वाटलं नव्हतं." मी सरदेशमुखांची चौकशी केली. "आहेत. लावत नाही, पण समोर बसवतो. तुम्हाला सोबत." मग त्यांनी फोन कुठेतरी खाली ठेवला असावा. दुरून पेटीचे सूर आले. दोन ठिकाणी अडखळले, पुन्हा सावरले.

पंख्याच्या घरघरीत नीट ऐकू येईना, म्हणून मी उठून तो बंद केला, आणि मामींचं वाजवून होईपर्यंत तसाच घामाघूम बसून राहिलो.