ताईचे जंतू

गेल्या महिन्यातला तिसरा मंगळवार, सकाळ. वाशीच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेर हजर : मी, माझे यजमान सुहास आणि ताईची सहकारी रेश्मा. डॉक्टरांनी बाहेर येऊन मास्क खाली ओढला आणि मी सुहासना म्हटलं, "तिचं आधार कार्ड गाडीत राहिलंय, घेऊन या." काही ऐकायच्या आधीच. घाबरले की मी कामं वाटत सुटते.

ताई, माझी थोरली बहीण, रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत जखमांवर लावायचं जेल बनवायची. त्यात पॉलिमरचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे, प्रत्येकात औषध भरलेलं. जेल जखमेवर बसतं आणि कण ते औषध हळूहळू सोडत राहतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे जंतूही त्याने मरतात... निदान काचेच्या बशीत. मला ते पेजेसारखं दिसायचं. "पेजच आहे," ती म्हणायची, "फक्त मीठ घालून पिऊ नकोस."

मग तिच्याच गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जखमेत तसलेच जंतू शिरले. एकेक औषध वाया गेलं, ताप हटेना. मी म्हटलं, "तुझं जेल लाव ना. तूच बनवलंयस, तुला कोण अडवणार?"

"मीच. अगं, माणसाला ते अजून एकदाही लावलेलं नाही. बशीत चालतं, पण बशीला किडनी नसते." मी रडायला लागले तर म्हणाली, "तुझ्या कामांच्या यादीत माझं मरण कितवं? गॅसवाल्याच्या आधी की नंतर?" मला हसू आलं, आणि हसतानाच तिचे ओठ निळसर पडलेले दिसले.

ताईचे दिवस झाल्यावर रेश्मा घरी आली. ताईच्या जखमेतले जंतू त्यांच्या प्रयोगशाळेत एका कुपीत गोठवून ठेवलेत, जिवंत, असं तिने सांगितलं आणि मी उठून खिडक्या लावल्या. रबाळे आमच्या घरापासून एका स्टेशनावर. "काकू, ते बाहेर येत नाहीत," ती म्हणाली. "मॅडमनी जायच्या आधी सांगून ठेवलंय, जेल आधी त्यांच्यावर तपासा. पण बहिणीला विचारून. ती नको म्हणाली तर नष्ट करा."

भाजीपासून फ्लॅटपर्यंत सगळं मी चटकन ठरवते, म्हणूनच ताईने हे माझ्यावर सोपवलं असणार. सुरुवातीला मला जंतूंचीच भीती वाटायची. ताईचं बँडेज बदलताना लागलेले हात मी अजून कोपरापर्यंत धुते. पण आता भीती वेगळीच आहे. जेल चाललं नाही, तर तिची इतक्या वर्षांची मेहनत गेली. आणि चाललं तर... तर ते तिच्या पलंगापासून अर्ध्या तासावर तयार होतं, आणि मी तिचं ऐकलं.

हो म्हणायचं, हे ठरलं आहे. रेश्माला फोन करायचा राहिला आहे.