दैत्यराजाची वऱ्हाडी

माणसाने वयाप्रमाणे वागायचं असं जगाने ठरवलं, त्या दिवशी आमचे भाऊजी बहुधा पार्किंग शोधत असावेत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे अमरावतीचे, नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची, आणि घर मेलबर्नच्या टार्निटमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वय बावन्न. या बावन्न वर्षांच्या गृहस्थाला जगण्याचं सगळं ज्ञान एका जपानी विनोदी मालिकेतून मिळालेलं आहे. व्हिडिओ गेममध्ये तो तलवारवाला नायक असतो ना, गावोगाव हिंडून राक्षस मारणारा, त्याची टर उडवणारी ही मालिका. नायक बावळट, त्याचे तीन सोबती त्याहून बावळट, डोंगर पुठ्ठ्याचे, राक्षस कापडाचे. एका अजगराच्या पाठीवरची चेन तर मला चष्म्याशिवाय दिसली. शेवटी म्हणे सगळ्यांनी मिळून दैत्यराजाला मारायचं असतं, पण वाटेत कुणाला भूक लागते, कुणाचं कुणाशी वाजतं, आणि दैत्यराज बिचारा किल्ल्यात ताटकळत बसतो. भाऊजींनी ही मालिका निदान पंचवीस वेळा पाहिली असेल, आणि दर वेळी ते पहिल्यांदा पाहिल्यासारखे गुडघ्यावर थाप मारून हसतात.

बरं, नुसतं पाहून थांबतील तर ते भाऊजी कसले. गेममधला नायक कुणाच्याही घरात शिरतो, कपाटं उघडतो, काय मिळेल ते पिशवीत टाकतो, आणि घरवाले हूं की चूं करत नाहीत. भाऊजी माझ्याकडे आले की हेच करतात. थेट स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडायचा, चकली सापडली की गंभीर आवाजात "शक्ती वाढली" म्हणायचं आणि खायची. एकदा माझ्या नवऱ्याचं मधुमेहाचं औषध हातात घेऊन उभे होते, वेळेवर हिसकावून घेतलं म्हणून बरं. गेममधल्या गावकऱ्यांना तर एकच वाक्य दिलेलं असतं, कितीदाही विचारा, तेच. आमच्या भागात दर आठवड्याला कुणीतरी सोलर पॅनेल विकायला दार वाजवतो. भाऊजी दारात ताठ उभे राहतात आणि इंग्रजीत सांगतात, उत्तरेच्या जंगलात जाऊ नकोस, मित्रा. तो छपराबद्दल बोलला तरी तेच, विजेच्या बिलाबद्दल बोलला तरी तेच. शेवटी "नो वरीज, मेट" म्हणून तो निघून जातो. ताईने कपाळावर हात मारायचंही आता सोडलंय.

पण या वेडाची सुरुवात वेडातून झाली नव्हती, हे मला माहीत आहे. माझी भाची सहा वर्षांची होती. शाळेत जायला लागली आणि सहा महिन्यांत तिचं मराठी गळून पडलं. तिकडे अमरावतीला भाऊजींची आई एकटी. एकच मुलगा, एकच नात, आणि नात फोनवर "हाय आजी, आय ॲम गुड" म्हणून पळून जाणार. भाऊजी एरवी कशाचाही विनोद करतात, पण त्या वर्षी मला म्हणाले होते, "माझी आई आणि माझी पोरगी एकमेकींशी न बोलताच राहिल्या, तर मी इथे येऊन केलं काय?" मग त्यांनी उपाय काढला. दर शनिवारी दुपारी भाचीला मांडीवर घ्यायचं, मालिका लावायची, आवाज बंद करायचा, आणि सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः मराठीत म्हणायचे. नायक शुद्ध पुणेरी, आमच्या ताईची नक्कल. जादूगारीण मुंबईची. आणि दैत्यराजाला जोरकस आवाज हवा म्हणून तो अस्सल वऱ्हाडी. मूल कुणाच्या प्रेमात पडणार? दैत्यराजाच्या. नायकाचं एक वाक्य पोरीने उचललं नाही.

याचा निकाल इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लागला. आरती झाली, आणि मंडळाचे अध्यक्ष, जरीचा कुर्ता, हातात प्रसादाची वाटी, भाचीपुढे वाकून म्हणाले, "बाळ, मराठी येतं का तुला?" भाचीने कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोण होय बे तू? माह्या किल्ल्यात काहून आला?" अध्यक्षांच्या हातातला मोदक खाली पडला. भाऊजी एवढे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. ताई मात्र हसली नाही. गाडीत बसताच तिने फर्मान काढलं, "उद्यापासून हा दैत्यराज बंद. लोक काय म्हणतील, आईबापांनी हेच शिकवलं?" मालिका बंद झाली तशी पोर पुन्हा इंग्रजीत गेली, आणि चांगली दहा वर्षं तिथेच राहिली. मराठीत काही विचारलं की उत्तर एकच, "फाइन."

त्या दहा वर्षांत भाऊजी दर रविवारी फोनवर दोघींच्या मध्ये बसायचे. भाची इंग्रजीत म्हणायची, होमवर्क आहे, जाऊ का? भाऊजी आईला सांगायचे, "तुही लय आठवण येते म्हणते, तुह्या हातचं पिठलं खावंसं वाटते म्हणते." म्हातारी काही दूधखुळी नव्हती. एकदा म्हणाली, "पोट्टी एवढूसं बोलली, अन् तू एवढं लंबं सांगून राहिला?" भाऊजी म्हणाले, इंग्रजी भाषाच तशी आटोपशीर आहे.

मागच्या वर्षी आजी तीन महिन्यांसाठी आल्या. वय एक्याऐंशी, पुन्हा येणं होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. भाऊजींनी दुभाष्याचं काम करायला दोन आठवडे रजा घेतली. रजा संपली तरी आजी आणि नात एकमेकींना बघून नुसत्या हसत होत्या, डेंटिस्टकडे वाट बघत बसलेली माणसं हसतात तशा. भाऊजी कामावर जाताना चेहरा पाडून जायचे. मग आजींच्या सोबतीला मी.

अशाच एका दुपारी भाची शाळेतून आली. आजी तिच्या खोलीत शिरून, तिला न विचारता, तिच्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. सतरा वर्षांच्या मुलीची खोली ती. मी धावले, म्हटलं आता काही खरं नाही. भाची दारात थबकली. तिला राग आला होता, पण आजीवर इंग्रजीत रागावून उपयोग नाही हेही कळत होतं. शोधून शोधून तिच्या तोंडून जे मराठी निघालं ते हे: "माह्या किल्ल्यात काहून आली बे?"

आजींनी हातातला टी-शर्ट खाली ठेवला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुह्या बापानं आणलं मले. मी कुठं येत होती? अन् किल्ला होय का उकिरडा हा?"

भाचीचे डोळे विस्फारले. आजवर आजीचं बोलणं तिने बापाच्या इंग्रजीतूनच ऐकलं होतं. मला इंग्रजीत म्हणाली, मावशी, ही तर दैत्यराजासारखी बोलते. मी भाषांतर केलं, आणि दैत्यराजाचा आवाज भाऊजींचा हेही सांगितलं. आजी म्हणाल्या, "दैत्यराज कोणता? माह्यंच पोट्टं ते. माह्यासारखाच बोलन ना तो." मग दोघी हसल्या. मी चहा ठेवायला गेले आणि परत आले तेव्हा आजी शिकवत होत्या आणि भाची "काय करून राहिली", "काय करून राहिली" असं घोकत होती. लाज वाटेल म्हणून पोरीचं जे बोलणं आम्ही बंद केलं, ते तिच्या आजीचं बोलणं होतं. दहा वर्षं फुकट घालवली आम्ही. ताईला मी हे तोंडावर सांगितलं.

आजी परत गेल्या. आता गप्पांसाठी त्यांचा फोन भाऊजींना येत नाही, थेट भाचीला येतो. शनिवारी दुपारी दार लावून पाऊण तास चालतो. परवा भाऊजींनी दाराबाहेर घुटमळून शेवटी विचारलंच, काय म्हणत होती आजी? भाची म्हणाली, "तुले काय कराचं हाय, बाबा? आमचं होय ते."

भाऊजी तसेच चालत माझ्याकडे आले. मी चहा दिला, तो निवत राहिला. म्हणाले, "मला आता कुणी मध्ये बोलवत नाही गं. आई मला फोन करते ती पोट्टी घरी आहे का एवढं विचारायला." मी म्हटलं, हेच हवं होतं ना तुम्हाला? "हेच," ते म्हणाले, "फार बरं वाटतंय," आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडायला लागले.