गाडा कुणी थांबवला

पाटील म्हटलं की लोकांना वाटतं, हा फार शहाणा. मी चौथी शिकलेला. वडील अचानक गेले म्हणून पाटीलकी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मला मिशीही धड नव्हती. ही गोष्ट त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाची, निजामाच्या राज्यातली.

आमच्याकडं पटकीची, म्हणजे हगवण-उलटीची, साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी गाड्यावर देवी बसवायची, लुगडं-बांगड्या चढवायच्या, आणि हलगी वाजवत गाडा शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचं. त्या गावानं तो गावातून ओढत पुढच्या शिवेवर न्यायचा. माघारी न्यायचा नाही. दिवस मावळायच्या आत पुढं गेला नाही तर रोग तिथंच मुक्काम करतो, असं सगळेच मानायचे. मीही मानायचो.

त्या दिवशी दुपारी गाडा आमच्या शिवेवर आला. गाव पारावर गोळा झालं. "पाटील, उठा! ऊन कललं!" मी उठत नव्हतो. पुढचं गाव म्हणजे माझ्या बायकोचं माहेर. तिची आई तिथं, बाळंतीण बहीणही तिथंच.

हळद-कुंकू न्यायला घरी गेलो. बायको चुलीपुढं होती.

"गाडा पुढं नेऊ नका," ती म्हणाली.

"माहेराचा पुळका आला व्हय?"

"माहेर ऱ्हाऊ द्या बाजूला. गाडा घेऊन आलेली माणसं उन्हातून आली. पाणी कुठं पेतील?"

"आपल्या आडावर. दुसरं कुठं?"

"मग रोग गाड्यावर बसून येतो का माणसाच्या पोटातून, ते तुमीच सांगा."

तेव्हा मला आठवलं. शिवेवर त्यांच्यातला एक जण बांधाआड बसून ओकत होता. मी पाहिलं होतं, पण ध्यानात घेतलं नव्हतं.

"लोक ऐकतील काहून?" मी म्हणालो.

"देवीला अडवतो म्हणू नका. गावोगाव ढकलून दिलेली बाई हाये, तिला आमी ठेवून घेतो म्हणा."

पारावर जाऊन मी तेच बोललो. देवी शिवेवरच्या लिंबाखाली राहील, तिला ओटा बांधू. आलेल्यांना पाणी तिथंच पाठवायचं, माठ परत आणायचे नाहीत. तिकडचा माणूस आडावर येणार नाही, आपला माणूस गाड्याला हात लावणार नाही.

चुलते अंगावर धावून आले. "शिवेवर रोग बांधून घेतोस व्हय रं? एक मढं पडलं ना, पहिलं तुझंच घर पेटवीन!"

"पेटवा," मी म्हणालो. आणि माठ भरायला माणसं पाठवली.

त्यानंतर रोज पहाटे उठून मी गावाला चक्कर मारायचो, कोणाच्या चुलीचा धूर निघाला, कोणाचा नाही ते बघत. पाचव्या दिवशी कुंभाराच्या म्हातारीच्या घरातून धूर नव्हता. मी दार धडाधडा वाजवलं. आतून आवाज आला, "मेले न्हाई अजून, मुडद्या! आज एकादस हाये!" मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडलो.

रोग गावात शिरला नाही. पुढच्या गावातही गेला नाही. मग पारावर चुलत्यांनीच मला फेटा बांधला. कुणीतरी विचारलं, "पाटील, तुमाला सुचलं कसं?"

मी म्हणालो, "देवीनं सुचवलं."

बायको बायांत उभी होती. घरी आल्यावर भाकर वाढता वाढता म्हणाली, "मी देवी कवा झाले वो?" आणि खूप हसली. मीही हसलो. तिला राग आला होता का, ते विचारायचं राहिलं. पुढं कैक वर्षं लोक ती गोष्ट माझ्या नावानं सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिलो.

औंदा ती गेली. तेराव्याला लोक म्हणाले, "लई गरीब बाई, चार माणसांत कधी तोंड उघडलं न्हाई." तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. मी पत्रावळीकडं बघत बसलो. तेव्हापासून झोप नाही, घरात बसवत नाही, पारावर तर नाहीच नाही.

नातवाकडून कागद मागून घेतला. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल. गाडा तिनं थांबवला. मी फक्त ओरडून सांगितलं.