चोविसावं जॅकेट

आमच्या तळ्यावरचे नावाडी म्हणजे हजेरीकाका. एकतीस वर्षं बोट चालवली, पण माणसं कधी मोजली नाहीत. मोजली ती जॅकेटं. माणसं हलतात, फोटो काढायला पळतात, जॅकेट खुंटीवर गप्प लटकतं, असं त्यांचं म्हणणं. चोवीस खुंट्या, चोवीस केशरी जॅकेटं. शेवटच्या फेरीनंतर एकेकाला बोट लावून मोजल्याशिवाय ते धक्का सोडत नसत. बायकोशी भांडून तळ्यातल्या बेटावर रुसून बसलेला एक नवरा त्यांनी रिकाम्या खुंटीवरूनच हुडकून आणला होता.

मी तिकीट खिडकीत बसते. स्टूल लाकडी आणि कंबर माझी. त्या दिवशी दुपारी, काका बोटीवर असताना, मी खुंटीवरचं एक जॅकेट काढलं, दुमडलं आणि बुडाखाली घेतलं. कुणाला सांगावं असं काही त्यात वाटलंच नाही.

शेवटची फेरी आली. काकांचं बोट तेविसाव्या जॅकेटवर थांबलं. पुन्हा मोजलं, तेवीसच. त्यांनी शिट्टी फुंकली आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

कोण बुडालं? लॉजवाल्या मावशींनी आपले पाहुणे मोजले, तर एक जास्तच भरला. तो तीन दिवस नुसता नाश्त्याला येऊन जात होता. फोटोवाला शपथेवर सांगू लागला, लाल टोपीवाला एक टकलू फोटो न घेताच नाहीसा झालाय. अर्ध्या तासात त्या टकलूला वय, आजारी बायको आणि दुःखाचं कारण मिळालं. मीही खिडकीतून भर घातली, "मीच दिलं की हो त्याला तिकीट! चेहरा अगदी उतरलेला होता." तेवढ्यात लाल टोपीवाला शोधायला गेलेल्या दुसऱ्या बोटीतून उतरला. बिचारा इतका वेळ स्वतःलाच शोधत होता.

त्याला बघायला मी उठले आणि स्टुलावर केशरी काहीतरी दिसलं. दुपारचं जॅकेट! मी ते साफ विसरले होते. काका तिकडे गळ्यापर्यंत पाण्यात उतरून बांबूने गवत चाचपत होते. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण सगळं गाव धक्क्यावर उभं होतं आणि मला माझीच लाज प्यारी झाली. सगळ्यांच्या पाठी वळलेल्या बघून मी जॅकेट गुपचूप खुंटीला अडकवलं.

काका कुडकुडत वर आले. मोजलं. चोवीस. पुन्हा मोजलं, चोवीसच.

"म्हणजे मीच चुकलो," ते म्हणाले.

"वय झालं काका, चालायचंच," फोटोवाला म्हणाला. मी खाली मान घालून तिकिटांचे गठ्ठे लावत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी बोटीच्या ठेकेदाराच्या हातात दिली. ज्याला चोवीस मोजता येत नाहीत, त्याच्या भरवशावर लोकांची लेकरं सोडायची नाहीत, म्हणाले. आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस काढले. नालायकपणा नाही तर काय!

पाचव्या दिवशी काकू खिडकीपाशी आल्या. "काल जेवताना यांनी ताटं तीनदा मोजली गं," त्या म्हणाल्या. "घरात आम्ही दोघंच आहोत."

मी तशीच खिडकी बंद केली आणि त्यांच्याबरोबर गेले. काकांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. वाटलं, आता दोन कानाखाली बसतील. बसायला हव्या होत्या.

"म्हणजे तेवीस बरोबर होते?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होते, काका. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

"मग पाच दिवस काय करत होतीस?"

काकूंनी मला पाणी दिलं, त्याचीही लाज वाटली.

गावालाही मीच सांगितलं. गाव हसलं, मला चार शब्द ऐकवून मोकळं झालं. काका कामावर परत आले. मला वाटलं, झालं, सुटले.

पण आता शेवटच्या फेरीनंतर ते चोवीस मोजतात आणि पुन्हा पहिल्या खुंटीवर येतात. दुसऱ्यांदाही चोवीसच भरतात, तरी पाय निघत नाही. मग माझ्या खिडकीपाशी येतात.

"पोरी, तू एकदा बघ गं. तुझेही चोवीस आले की मी घरी जातो."

मी बाहेर येते आणि एकेका जॅकेटला बोट लावून मोजते. काका शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत असतात.