दोन मजल्यांमधला डबा

नाशिक सोडलं त्या सकाळी टॅक्सी आमच्या दारात अर्धा तास खोळंबली होती, ती एका स्टीलच्या डब्यापायी. साल एकोणऐंशी. बाबा दोन वर्षांपासून दोह्यात एका कंपनीत इंजिनियर होते आणि आता आई नि मी त्यांच्याकडे निघालो होतो. दादाचं कॉलेज सुरू होतं, म्हणून तो काकांकडे राहणार होता. सामानाचं वजन जास्त झालं होतं. काका म्हणत होते, वहिनी, तिकडे काय डबे मिळत नाहीत? आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बॅगेतून दोन साड्या काढून दादाच्या हातात दिल्या आणि त्या जागी तो कडीचा डबा बसवला. झाकणावर मामाने नाव घालून दिलं होतं, सौ. सुमन. "परक्या मुलखात आपलं नाव असलेलं एक तरी भांडं असावं," म्हणाली. दादा त्या साड्या छातीशी धरून हसत उभा होता. टॅक्सी वळली तेव्हा मी मागे पाहिलं, तर तो हसत नव्हता.

दोह्यात अल मुंतझामध्ये आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. खिडकीतला एसी दिवसरात्र घरघरायचा आणि त्याचं पाणी खालच्या गाड्यांवर ठिबकायचं. मागे नाशिकला राहिलेल्या मंडळींना वाटायचं की आम्ही सोन्याच्या ताटात जेवतो. प्रत्यक्षात आई सकाळी आम्हाला वाटेला लावून चार भिंतींशी बोलत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, दुकानात हिंदी आणि मध्येच एखादं अरबी 'यल्ला' किंवा 'खलास', अशी माझीच जीभ दिवसातून चारदा कपडे बदलायची, तिथे आईचं काय होणार?

आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक इटालियन जोडपं होतं. नवरा एका बांधकामाच्या साइटवर इंजिनियर. बायको, सिन्योरा लीना, आपल्या गावी शाळामास्तरीण होती. मूलबाळ नव्हतं. आम्ही आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती एक मोठा वाडगा घेऊन दारात उभी राहिली. आत भाजलेला पास्ता, वर चीज. "मांजा, मांजा," म्हणाली, म्हणजे खा, खा, हे कळायला भाषा लागत नव्हती. दार लागल्यावर आईने वाडगा नाकाशी नेला आणि म्हणाली, यात अंडं आहे. अंडं आमच्या घरात कधी आलं नव्हतं. पण दिलेलं अन्न टाकायचं नाही आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, या दोन गोष्टी आई आपल्या आईकडून शिकली होती. दोन्ही पाळायच्या तर मार्ग एकच, पास्ता कुणाला तरी खाऊ घालायचा.

तो कुणीतरी सापडायला वेळ लागला नाही. सिन्योराच्या नवऱ्याचा ड्रायव्हर सखाराम उंब्रजकडचा होता. एकदा पंक्चर झालेल्या चाकाला तो अस्सल मराठीत शिव्या देत होता, त्या बाबांनी वरून ऐकल्या आणि त्याला चहाला बोलावलं. बायको-पोरं गावी, हा इथे कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत सहा जणांबरोबर. साहेबांना घरी सोडलं की आमच्याकडे डोकवायचा. त्या दिवशी आईने पास्ता त्याच्या हवाली केला. वाडगा धुऊन मसालेभाताने भरला आणि माझ्या हाती वर पाठवला. पाहुणीला द्यायचं म्हणून भात चांगला झणझणीत केला होता.

तीन दिवसांनी वाडगा पुन्हा भरून खाली. चिनी मातीचं भांडं फुटायचं, म्हणून पुढे आईने नाव घातलेला डबा काढला. तो वर गेला की भरून खाली येई, खाली आला की भरून वर जाई. आई म्हणायची, बाई मोठी अगत्याची, थांबायलाच तयार नाही. आई थांबली असती तर तीही थांबली असती, हे कुणाच्या मनात आलं नाही. सखारामचा वजनकाटा मात्र पुढे सरकत होता.

ने-आण करणारी मी. जिन्यातल्या त्या पंधरा पायऱ्यांनी मला इटालियन शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. सिन्योरा मला बसवून घ्यायची, एकेका वस्तूचं नाव सांगायची, वर्षभरात गोष्टी सांगू लागली. माझं पहिलं अख्खं इटालियन वाक्य होतं, 'आईला फार आवडलं.' पुढे पाच वर्षं मी ते दर आठवड्याला म्हटलं. उच्चार निर्दोष होता, एवढंच त्याचं खरेपण.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास गोष्टी गंभीर झाल्या. बाबांचा करार पुढच्या वर्षी संपणार होता आणि आम्ही परत जाणार हे ठरलं होतं. काकांचं पत्र आलं, मुलगी अठराची होते आहे, एक चांगलं स्थळ पाहून ठेवलं आहे. मला पुढे शिकायचं होतं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने भाषांच्या अभ्यासक्रमाला जागा देऊ केली होती, पण तीन विषयांत ॲडव्हान्स्ड लेव्हल पास होण्याच्या अटीवर. इंग्रजी आणि इतिहास माझे होते. तिसऱ्या विषयात, केमिस्ट्रीत, मी आधीच आपटले होते. शाळेत इटालियन शिकवत नसत, पण विलायतेच्या परीक्षा मंडळाकडे बाहेरून बसता येत होतं. बाबा फार बोलत नसत. अर्जावर सही करताना म्हणाले, "एकदाच बसायचं. झालं तर तू जा, मी काकाशी बोलेन. नाही झालं तर आमच्याबरोबर नाशिकला, कुरकुर न करता."

मग रोज शाळेची बस उतरले की थेट दुसरा मजला. जुने पेपर टपालाने आले होते. सिन्योरा ते चष्मा कपाळावर ढकलून वाचायची आणि प्रश्न काढणाऱ्यांवर चिडायची. परीक्षेत भाषेबरोबर इटलीची संस्कृती होती आणि तोंडीसाठी एक विषय तयार करायचा होता. मी घेतला, दक्षिणेतल्या खेड्यांतून उत्तरेच्या कारखान्यांत गेलेली माणसं. पुस्तकं फार नव्हतीच. सिन्योराचा भाऊ तसाच उत्तरेत तोरिनोला गेलेला, वडील त्याआधी बेल्जियमच्या खाणीत. पुठ्ठ्याची सुटकेस दोरीने बांधून निघालेला भाऊ, स्टेशनवर न आलेली आई, हे सगळं ती सांगायची आणि मी वहीत उतरवायची. कधी कधी लिहिता लिहिता मला साड्या छातीशी धरलेला दादाच दिसायचा. दहा मिनिटांचं भाषण मी इतकं घोटलं की झोपेत उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. सिन्योरा म्हणाली, छान, पण पोपट छान बोलतो तसं.

तोंडी परीक्षा शिकवणाऱ्यानेच घ्यायची आणि कॅसेट विलायतेला पाठवायची, असा नियम होता. एप्रिलमध्ये एका दुपारी सखारामनेच आम्हा दोघींना विमानतळाजवळच्या शाळेत सोडलं. एसीचा आवाज टेपवर येतो म्हणून तो बंद केला होता. दोघी घामाने निथळत होतो. माझं भाषण सुरळीत संपलं. आता न घोटलेले प्रश्न यायचे होते. मधूनच विमान उतरायचं तेव्हा सिन्योरा बोट वर करून थांबवायची. मग तिने, मला सोपं जावं म्हणून, विचारलं, तू एका इटालियन घराच्या खाली राहतेस, तर तुझ्या आईला त्या घरचं कोणतं जेवण सगळ्यात आवडतं?

मला पदार्थांची नावं येत होती. एक उचलायचा आणि दोन वाक्यं करायची, बस. पण पाच वर्षं म्हटलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. समोर ती स्वतः होती, टेप फिरत होती आणि दहा मिनिटं मी घर सोडलेल्या माणसांबद्दल खरं खरं बोलले होते. "कोणतंच नाही," मी इटालियनमध्ये म्हणाले. "आईने तुमचं काहीच कधी खाल्लेलं नाही."

सिन्योराचा चेहरा पडला. पण परीक्षा थांबवता येत नव्हती. तिने घसा खाकरून विचारलं, का? मग मी अंड्याचं सांगितलं, अन्न टाकायचं नाही ते सांगितलं, भांडं रिकामं द्यायचं नाही ते सांगितलं, आणि मी पाच वर्षं खोटं बोलले कारण मला वर यायचं होतं, हेही सांगितलं. व्याकरण कुठे गेलं मला ठाऊक नाही. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. आपण परीक्षा घालवली आणि सिन्योराही, असं वाटून मला रडू येत होतं.

सिन्योराने कॅसेट लिफाफ्यात घालून तो चिकटवला. शाळेच्या जिन्यात ती थांबली आणि म्हणाली, आमच्या गावातही भांडं रिकामं परत करत नाहीत. मग खाली मान घालून म्हणाली, तुझ्या आईच्या तिखट भाताचा पहिला घास खाल्ला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि नवऱ्याला तर पोटाचं दुखणं. आजवर सगळं तो साइटवर न्यायचा, त्याच्या ड्रायव्हरसाठी.

ड्रायव्हर खाली पिकअपला टेकून उभा होता. मी मराठीत विचारलं, सखाराममामा, दोन्हीकडचं तुम्हीच खात होता?

"व्हय ताई," म्हणाला. "म्या बोललो असतो तर डबा थांबला असता की. वरचं काय, ते मी पोटासाठी खात हुतो. पर वहिनींच्या हातचं रोज मागाया तोंड नव्हतं. सायबाच्या हातनं आलं की वाटायचं, घरनंच डबा आलाय."

मी ते सिन्योराला इटालियनमध्ये सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तिथली सुट्टी. सिन्योरा आमच्या दारात आली, डब्याशिवाय. आईला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं आणि ती शरमेने अर्धमेली झाली होती. सिन्योराने पिशवीतून फक्त रवा काढला. आमच्या ओट्यावर कोमट पाण्यात तो मळला, बोटाने दाबून छोटे तुकडे केले, उकळले, वर टोमॅटो आणि तेल. तिने मला सांगितलं, मी आईला सांगितलं, तिच्या गावी रोज हेच करतात. अंडं घालायची ऐपत कुणाला होती? पण शेजारणीला गरिबाघरचं कसं द्यायचं, म्हणून ती अंड्याचं, चीजचं करत आली. आई ऐकत राहिली आणि तिने कुकर लावला. साधं वरण, भात, तूप, लिंबू. तिखटाचा कण नाही. आम्ही रोज हेच खायचो आणि हेच तिने कधी वर पाठवलं नव्हतं. त्या दुपारी दोघींनी एकमेकींचं पहिल्यांदा खाल्लं. सखाराम तिसऱ्या पाटावर होता. त्याने दोन्ही घेतलं.

ऑगस्टमध्ये निकाल आला. मी पास झाले होते. बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि काकांना पत्र लिहायला बसले. सिन्योरा जूनमध्येच इटलीला परत गेली होती. जाताना डबा तिच्याकडे होता आणि तो रिकामा कसा द्यायचा या विचारात राहूनच गेला. आई म्हणाली, असू दे, आपलं नाव असलेलं एक भांडं तिच्याही मुलखात असू दे.

आता मी तोरिनोत भाषांतरं करते. आई-बाबा गेले. सिन्योराच्या गावी मी एकदा जाऊन आले. डबा तिच्या फडताळात होता, त्यात रवा होता. नाशिकला मात्र मी दर दोन वर्षांनी जाते आणि दर वेळी पाहुणी असते. वहिनी श्रीखंड-पुरी करते, नवीन ताटं काढते, दादा बाजारातून दोनदा काही तरी आणतो. ते सगळं प्रेमाचं असतं, मला कळतं. तरी मी ताटावर बसून विचार करते, हे कोणत्या मजल्यावरून आलं आहे?

गेल्या खेपेला चौथ्या दिवशी वहिनीला कणकण होती. मी काही बोलायच्या आत तिने रात्रीच्या उरलेल्या पोळ्या कुस्करल्या, फोडणी दिली आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. वर म्हणाली, "आज एवढंच हं. आणि ताटली घासून ठेव." मी पोटभर खाल्लं आणि ताटली घासून ठेवली.