वाकलेल्या बर्चची कॅप्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि आज सांगते आहे ती मान खाली घालून नव्हे. फार दिवसांनी जिंकल्यासारखं वाटतंय. विचित्र आहे ना?

मी सिंगापूरमध्ये, तोआ पायोहच्या एका ऑफिसात, कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका तयार करते. दुसऱ्यांचे चेहरे उजळ करायचा धंदा म्हणा. दहा वर्षांपूर्वी कॅनडातल्या एका तेल कंपनीचं काम आलं. तिथे आधी जंगल उपटतात, मग खालची डांबरी वाळू खणून तिच्यातून तेल काढतात. लोक तिला ‘टार सँड्स’ म्हणायचे. आम्ही पानोपानी ‘ऑइल सँड्स’ लिहिलं — नाव धुतलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं फोटो करतात. कंपनीला हवा होता, खाण संपल्यावर पुन्हा उगवलेल्या जंगलाचा फोटो.

जंगलच उगवलं नव्हतं, तर फोटो कुठून येणार? माझ्याकडे होते ते खाणीच्या आधीचे — एक तळं, आणि पाण्याकडे वाकलेलं बर्चचं झाड. त्यातला एक उचलला आणि खाली लिहिलं, ‘खाणीनंतर’. मला कुणी सांगितलं नव्हतं हो. माझं मीच.

आणि काय गाजली ती पुस्तिका! बक्षीस मिळालं, बढती मिळाली, गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी शाल-श्रीफळ दिलं. पुण्याहून बाबांचा फोन — नाव काढलंस. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला कुठेही टोचलं नाही. मी हवेत होते.

टोचलं ते इरामुळे. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझ्या फायलीतले खाणीआधीचे फोटो आणि ती पुस्तिका चाळत होती.

“आई, बिफोर, आफ्टर — सेम झाड, लाह. हाउ कॅन?” इथल्या सिंगापुरी इंग्रजीत तिने विचारलं, असं कसं होईल म्हणून.

पुस्तिका तपासणाऱ्या एवढ्या साहेबांना जे दिसलं नाही, ते तिला दिसलं. आणि मी काय म्हणाले? “ते एक झाड त्यांनी वाचवलं, राजा.” तिने वर्गात तेच सांगितलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

आता ती अठरा वर्षांची आहे. परवा इथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर तिने युनिव्हर्सिटीच्या अर्जाचा निबंध ठेवला. पर्यावरण शिकायचंय तिला. पहिलीच ओळ त्या वाचलेल्या झाडाची. “वाचून दे ना, शनिवारी सबमिट करायचंय.”

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? दहा वर्षं जमलंच होतं की. पण तिने ते झाड खरं मानलं — का? तर आई म्हणाली म्हणून.

आज शनिवार. इरा अजून उठलेली नाही. मी तो फोटो काढला, जुनी ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि तो तिच्या निबंधावर ठेवला. बक्षिसाच्या दिवशीही इतका ताठ कणा नव्हता माझा.

‘खाणीच्या आधीचं जंगल. यातलं एकही झाड वाचलेलं नाही. हे आईला तेव्हाही माहीत होतं.’